पदर सावरला की शब्द द्यायचा

"या आजीले तर एक बी डायलॉग पाठ नाही वो."

मेकअप करणारी बाई दुसरीला हे म्हणाली, हातातला पफ डबीत ठेवता ठेवता. आसपास कोणी नाही असं तिला वाटलं असावं. मी दोन झाडं सोडून उभी होते, आत्याची शाल आणि पाण्याची बाटली घेऊन. मी ऐकलं. बाबांनीही ऐकलं होतं. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होते, आणि ते मोठ्यानं हसले.

"पाठ तर तिले कधीच नव्हतं," बाबा म्हणाले. "पन्नास वर्षं नाटकं केले, एक ओळ पाठ नाही केली. तिले फक्त प्रॉम्प्टर पाहिजे. माही पोरगी हाये न, ते देते शब्द."

त्यांनी माझ्याकडे हात केला. दोघी बायांनी वळून पाहिलं. मी घडी केलेली शाल उलगडली आणि पुन्हा घडी केली.

सौंसरहून मोहगावकडे जाताना लागणारा तो संत्र्याचा बगीचा बाबांच्या मित्राचा. फेब्रुवारी होता, झाडांना फुलं आली होती आणि वास इतका होता की कॅमेरावाला मुलगा सारखा शिंकत होता. मधल्या मोकळ्या जागेत बाजेवर आत्या बसली होती. नऊवारी नेसलेली, केस पांढरे करायची गरजच पडली नव्हती. एका पिक्चरसाठी तिला त्या दिवशी तीन वाक्यं बोलायची होती. शहरातून घरी आलेल्या मुलाला एक म्हातारी म्हणते: "आला का? पाय धुऊन घे. हे झाड तुह्या बापानं लावलं, यंदा फुललं." बस, एवढंच.

बाबा खोटं बोलत नव्हते. आत्याला खरंच कधी काही पाठ नव्हतं. आणि त्यामुळेच दोन वर्षं घरातल्या कोणाला काही कळलं नव्हतं. मला सोडून.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा आणि आई दोघंही तिला 'बाई' म्हणतात. ती पांढुर्ण्याला वाढली. आजोबा तिथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजून घ्यायचे. एका वर्षी गणपतीत नागपूरची नाटक कंपनी आली. पडदा लागला, पेट्रोमॅक्स लागले, माणसं पोती अंथरून बसली, आणि हिरोइनची बसच आली नाही. शाळेत गाणारी मुलगी म्हणून कोणीतरी आत्याचं नाव सांगितलं. ती सोळा वर्षांची होती. तिनं नाटक वाचलं नव्हतं, नाटकाचं नावही तिला मध्यंतरात कळलं. प्रॉम्प्टर तिला म्हणाला होता, घाबरू नको, मी सांगतो ते ऐक आणि तसंच म्हण. तिनं तीन अंक तसे केले. आत्या हे सांगायची तेव्हा शेवटी नेहमी एकच सांगायची, की त्या दिवशी तिला भीती वाटलीच नाही. काय बोलायचं ते दुसरं कोणी सांगत असेल तर माणसाला कसली भीती?

तिथून ती झाडीपट्टीत गेली. नागपूरच्या पलीकडे, वडसा, ब्रह्मपुरी, त्या जंगलाच्या बाजूला दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात. आज या गावात एक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. नटांना तालीम करायला वेळच नसतो. दुपारी गाडीतून उतरायचं, मेकअप करता करता गोष्ट ऐकायची आणि रंगमंचावर जायचं. रंगमंचासमोर मधोमध एक खड्डा खणलेला असतो. त्यात प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो, डोकं तेवढं वर. लोकांना त्याचा आवाज ऐकू जायला नको आणि नटाला गेला पाहिजे. आत्या म्हणायची, तिथलं अर्धं नाटक खड्ड्यात असतं.

नट अडला की प्रॉम्प्टरला कसं कळणार? प्रत्येकाची खूण ठरलेली असायची. एक जण मिशीवर हात फिरवायचा. आत्या डाव्या खांद्यावरचा पदर सावरायची. पदर सावरला की शब्द द्यायचा. लोकांना वाटायचं, काय सोज्वळ बाई आहे, किती वेळा पदर सांभाळते.

दहा-बारा वर्षं ती हिरोइन होती. मग हिरोइनची वहिनी झाली, मग सासू, मग देवळातली आंधळी म्हातारी. लग्न झालं नाही. एका ठिकाणी ठरलं होतं, पण त्यांनी नाटक सोडायची अट घातली आणि आत्यानं ती गोष्ट तिथेच संपवली. आजोबांनी तिला सणावाराला घरी येऊ दिलं, पण ती आल्यावर ते घरात थांबायचे नाहीत. आणि बाबा, ते तेव्हा शाळेत होते. पोरं त्यांना 'नाचनारीचा भाऊ' म्हणून चिडवायची. एकदा बसस्टँडवर आत्यानं त्यांना हाक मारली, ते मित्रांबरोबर होते, त्यांनी ऐकलं नाही असं केलं. हे मला बाबांनी कधी सांगितलं नाही. आत्यानं सांगितलं, हसत, तिचा भाऊ लहानपणी किती लाजाळू होता याचं उदाहरण म्हणून.

मीही लाजाळू आहे, पण माझं वेगळं. मी छिंदवाड्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी, घरी मराठी. तिन्ही भाषांमध्ये माझा आवाज बारीकच निघायचा. कविता म्हणायच्या वेळी टीचर मला मागच्या ओळीत उभी करायच्या, म्हणजे ओठ हलले तरी पुरे. देवनागरी मला हिंदीमुळे येत होती, पण मराठी वाचायला मी आत्याच्या वह्यांवरून शिकले. तिच्याकडे जुन्या नाटकांच्या हातानं लिहिलेल्या वह्या होत्या, प्रॉम्प्टरच्या. पावसाळ्यात नाटकं बंद असायची तेव्हा ती आमच्याकडे सौंसरला राहायची. दुपारी मला वही देऊन समोर खाली बसवायची, स्वतः पलंगावर बसायची, आणि आम्ही नाटक करायचो. मी वाचायचे, ती बोलायची. पहिल्याच पावसाळ्यात ती म्हणाली, "तुहा आवाज प्रॉम्प्टरचा हाये. पब्लिकले जात नाही, माह्या कानात बराबर येते."

शाळेत ज्याच्याबद्दल मला आठ वर्षं बोलणी बसत होती, त्याबद्दल पहिल्यांदा कोणी चांगलं बोललं होतं.

घरातही तिची खूण चालायची. जेवताना बोलता बोलता ती मध्येच थांबायची, पदर सावरायची, आणि आम्ही पुढचा शब्द द्यायचो. "त्या दुकानातून ते आणा, ते..." पदर. "हिंग," आई म्हणायची. "हिंग," आत्या म्हणायची, अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं हिंगासाठी कोणीतरी प्राण दिला आहे. आम्ही हसायचो. तो आमच्या घरातला खेळ होता.

पडद्यावरही तिनं काम केलं. वऱ्हाडी विनोदी सीड्या निघायच्या, त्यात ती असायची. एका हिंदी मालिकेत दोन दिवस होती. आणि एका मराठी पिक्चरमध्ये हिरोच्या घरमालकिणीचं काम होतं. त्या शूटिंगला प्रॉम्प्टर नव्हता. ती अडायची, कॅमेऱ्यामागून कोणीतरी ओरडून वाक्य सांगायचं, ती तुकड्या-तुकड्यानं म्हणायची. त्यांनी तिला सांगितलं, काळजी करू नका, आवाज नंतर घेऊ. तिला वाटलं, तिला मुंबईला बोलावतील. तिनं एक बॅग भरून ठेवली होती. आई सांगते, ती बॅग दिवाणाखाली चार महिने होती.

पिक्चर लागला तेव्हा मी दहा वर्षांची असेन. आम्ही सगळे सौंसरहून बसनं नागपूरला गेलो. आत्या मोरपंखी साडी नेसली होती. तिचा सीन आला, दार उघडून ती बाहेर आली, आणि तिनं तोंड उघडलं. आवाज दुसऱ्याच बाईचा होता. बारीक, स्वच्छ, तिकडचा पुण्याकडचा. मी आत्याकडे पाहिलं. अंधारात ती पुढे झुकली होती, कोणी फार हळू बोलत असलं की आपण झुकतो तशी.

आम्ही बसनं परत निघालो. सावनेर गेलं. आईनं संत्री सोलून फोडी तिच्या हातात दिल्या. बऱ्याच वेळानं आत्या म्हणाली, "चेहरा तर माहाच होता न?"

"हाव बाई, तुमचाच होता," आई म्हणाली.

सीड्यांमध्येही असंच झालं होतं, हे तिनं नंतर मला सांगितलं. मालिकेतल्या दोन दिवसांतही. पन्नास वर्षं तिचा आवाज मैदानाच्या शेवटच्या पोत्यापर्यंत पोचला होता, माईक बंद पडला तरी. आणि पडद्यावर तो एकदाही उतरला नव्हता. तिला पुरस्कार वगैरे काही नको होतं. एवढंच हवं होतं. एकदा पडद्यावर तिचं तोंड उघडावं आणि तिचाच आवाज यावा. ती हे तक्रार म्हणून सांगायची नाही. आपल्याला काशी पाहायची राहिली आहे, असं म्हातारी माणसं सांगतात तसं सांगायची.

तिचा वीस वर्षांचा प्रॉम्प्टर वारला त्या वर्षी तिनं झाडीपट्टी सोडली आणि कायमची आमच्याकडे आली. नवीन पोरं वही न पाहता मोबाईल पाहतात, असं ती म्हणाली. मला वाटतं, ते एकच कारण नव्हतं. तिला तेव्हाच काही जाणवलं असेल का, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं.

मी कॉलेज संपवून घरी आले होते आणि ऑनलाइन शिकवणी घेत होते, त्यातही कॅमेरा बंद ठेवून. एके दिवशी संध्याकाळी बाबा तहसीलीतून आले, जेवायला बसले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आज लवकर आला वाटते हा..." आणि पदर सावरला. बाबांकडे पाहत होती. मग माझ्याकडे पाहिलं.

तिला काय हवं आहे ते मला कळायला थोडा वेळ लागला. हिंग नाही, जिरं नाही. मी तिच्या अगदी जवळ होते. मी हळूच म्हटलं, "भाऊ."

"हा माहा भाऊ आज लवकर आला वाटते," आत्या म्हणाली, पूर्ण आवाजात. बाबा हसले. बाईचं नाटक सुरू झालं, असं म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा त्या महिन्यात कधीही. मी सांगितलं नाही. मी शब्द देत राहिले. शेजारीण आली की मी आत्याच्या मागे उभी राहून ती कोण ते सांगायचे. बाजारात निघालो की रस्ता सांगायचे. गॅस कोणत्या बाजूला फिरवायचा ते सांगायचे. ती माझं ऐकून अशा झोकात बोलायची की समोरच्याला काही वेगळं वाटायचंच नाही. आई म्हणायची, पोरीचं आणि आत्याचं काय जमते. एका दुपारी मी तिची वेणी घालत होते तेव्हा तिनं विचारलं, "तू कोनाची वो?" मी म्हटलं, "तुझ्या भावाची पोरगी." ती तेच वाक्य शांतपणे म्हणाली, "तू माह्या भावाची पोरगी," आणि मान डोलावली, जसं काही हे तिला आधीपासून माहीत होतं आणि मलाच विचारायचं होतं.

मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं असं की जगात एक माणूस माझ्या आवाजावर चालत होतं, आणि ते काम मला सोडायचं नव्हतं. सांगितलं असतं तर डॉक्टर आले असते, गोळ्या आल्या असत्या, आणि मी पुन्हा मागच्या ओळीत उभी राहिले असते. हे लिहायला मला सोपं जात नाही.

मग तो दिग्दर्शक आला. तरुण होता, नागपूरचा, बोलायला चांगला. झाडीपट्टीत कोणीतरी त्याला आत्याबद्दल सांगितलं होतं. आमच्या घरापुढच्या छपरीत बसून त्यानं ती तीन वाक्यं वाचून दाखवली. मी आत्याच्या पायाशी बसले होते. मी शब्द दिले, ती बोलली. त्यानं हातातला कागद मिटला. मग म्हणाला की आवाज तो जागेवरच घेणार, नंतर कोणाचाही भरणार नाही. आत्यानं विचारलं, "माहाच?" तो म्हणाला, "तुमचाच, आजी."

बाबांनी ते वाक्य अर्ध्या सौंसरला सांगितलं. पानठेल्यावर, तहसीलीत, बसस्टँडवरसुद्धा. बसस्टँडवर सांगताना मी त्यांच्याबरोबर होते. साठीच्या जवळ आलेला माणूस ओळखीच्या-अनोळखीच्या लोकांना थांबवून सांगत होता, "माही बहीण पिक्चरमध्ये बोलनार हाये." मला त्यांच्याकडे पाहवेना.

दिग्दर्शक निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले होते. त्यानं हळू आवाजात विचारलं, "त्यांना काही त्रास नाही ना? म्हणजे वय बघून विचारतोय." तेव्हा मला विचारलं गेलं होतं. सरळ, एकटीला. मी म्हटलं, "नो, नो. शी इज फाइन." मी मराठीत उत्तर का दिलं नाही ते मला तेव्हाही माहीत होतं. इंग्रजीत ते जणू दुसरीच कोणी बोलली.

तर त्या दिवशी बगीच्यात मी आधी आत्याच्या मागच्या झाडाआड बसले. कॅमेरा सुरू झाला, मी पहिलं वाक्य दिलं, आणि कानाला हेडफोन लावलेल्या माणसानं हात वर केला. मागून कोणीतरी कुजबुजतंय, म्हणाला. मग त्यांनी आत्याच्या कानात एक छोटं यंत्र घातलं आणि वरून पदर घेतला. मला दूर गाडीत बसवून फोनवर बोलायला सांगितलं. मी बोलले. काचेतून मला दिसलं, आत्या दचकली, तिनं कानावर हात मारला, यंत्र काढून बाजेवर टाकलं. "माह्या कानात कोन हाये?" असं तिनं विचारलं म्हणे. लोक हसले. बाबाही हसले, आणि सगळ्यांना सांगत राहिले, तिला सवय नाही, सवय नाही.

मी गाडीतून उतरून आले तेव्हा आत्या समोरच्या जमिनीकडे पाहत होती. इकडून तिकडे, पुन्हा इकडे, काहीतरी शोधत. तेव्हा मला कळलं. तिला आवाज खालून लागतो. समोरून, जमिनीतून.

बाजेपासून सात-आठ पावलांवर एक खड्डा होता. डिंक्या रोगानं वाळलेलं झाड मुळासकट काढलं होतं, तो बुजवायचा राहिला होता. मी बाबांच्या कानात सांगितलं, बाबांनी दिग्दर्शकाला सांगितलं. त्यानं हेडफोनवाल्याकडे पाहिलं. आजी बोलायच्या आधी पोरगी थांबली तर मधला तिचा आवाज कापता येईल, असं हेडफोनवाला म्हणाला. मी ओढणी कमरेला बांधली आणि खड्ड्यात उतरले. आत माती ओली होती, तुटलेली मुळं पायांना लागत होती. माझं डोकं तेवढं वर राहिलं.

आत्यानं मला पाहिलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. ती बाजेवरून उठून उभी राहिली, पाठ सरळ केली, आणि ती सत्तरीतली बाई राहिली नाही.

मी म्हटलं, "आला का?"

"आला का?" आत्या म्हणाली. ती ओरडली नव्हती, पण पार बगीच्याच्या टोकाला पाण्याच्या नळ्या सरकवणारी दोन माणसं थांबून पाहू लागली. दिग्दर्शकानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं, झालं. तिचा आवाज गेला पडद्यावर.

तिनं पदर सावरला. मी म्हटलं, "पाय धुऊन घे."

तिनं ते घेतलं नाही. माझ्याकडे पाहत ती दुसरंच काही बोलू लागली, मोठ्या, जुन्या आवाजात. "थांब. या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी मला उत्तर दे. ज्या घराला तू आग लावलीस, त्या घरात मी तुझ्या ताटाभोवती रोज रांगोळी काढत होते, ते कोणासाठी?" कुठलं तरी नाटक होतं. आमच्या वह्यांमधलं नव्हतं. कोणी कॅमेरा थांबवला नाही. आत्या श्वास घेऊन थांबली आणि तिनं पदर सावरला.

माझ्याकडे ते पान नव्हतं.

मी पुन्हा म्हटलं, पाय धुऊन घे. तिनं मान किंचित हलवली. प्रॉम्प्टरनं चुकीचं पान उघडलं की नट हलवतो तेवढीच. पुन्हा पदर. मी तिसरं वाक्य दिलं, झाडाचं. पुन्हा पदर, पुन्हा पदर. तिची बोटं आता पदर सावरत नव्हती, नुसती खांद्याशी चाळवत होती. तिचे डोळे माझ्यावर होते आणि मी कोण आहे हे त्या डोळ्यांना माहीत नव्हतं. खड्ड्यात कोणीतरी असतं, एवढंच तिला माहीत होतं.

ते काम नंतर दुसऱ्या बाईनं केलं. दिग्दर्शकानं बाबांना फोन केला होता, फार चांगलं बोलला. आत्याचं ते दोन शब्दांचं रेकॉर्डिंग पाठवतो म्हणाला होता, ते अजून आलं नाही, आणि आम्ही कोणी मागितलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे, आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या आता छपरीत बसते. मी समोर खाली बसून कधी कधी वही वाचते. तीन वर्षं होत आली, तिनं पदर सावरलेला नाही.

पण त्या दिवशी अजून ती उभी होती, खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांसमोर. हेडफोनवाला, मेकअपवाल्या बाया, नळ्या सोडून आलेली माणसं, सगळे वाट पाहत होते. मी खरं बोलले तर तिचं काम जाणार होतं. नाही बोलले तर ती तशीच उभी राहणार होती.

मागून बाबांचा आवाज आला. हसरा होता, पण त्यात काहीतरी घाबरलेलं होतं. "दे न वो पोरी, दे न तिले शब्द."

मी खड्ड्यातून वर आले. हात मातीचे होते. मी आत्याजवळ गेले, तिचा खांद्यावरचा हात माझ्या हातात घेतला, आणि बाबांकडे वळले. माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"बाबा, शब्द देऊन होत नाही आता. तिले तुम्ही कोन, मी कोन, तेच आठवत नाही. दोन वर्षं झाले. मले माहीत होतं."